शेजारी बंगल्याची इमारत होतेय? पावसाच्या पाण्याची तयारी, क्रमाने

शेजारच्या बंगल्याभोवती पत्रे लागले की कामाला लागायचं. पाडापाडी संपायची वाट बघू नका, आणि पहिल्या वळवाची तर मुळीच नाही. पुण्यात सहकारनगर, कोथरूड, पाषाण अशा टेकडीच्या पायथ्याच्या भागांत पाच गुंठ्यांचा बंगला जाऊन तिथे तळघरासकट उंच इमारत येते. बागेत मुरणारं पाणी मग तुमच्या फाटकातून, भिंतीखालून, कधीकधी भिंतीसकट तुमच्याकडे येतं. ही कृती अशा शेजारच्या सोसायटीसाठी आहे. एप्रिल-मे उत्तम. सोबत दोन माणसं घ्या, त्यातला एक तरी पायऱ्या चढू-उतरू शकणारा असू द्या.

सामान: पारदर्शक लेव्हल पाईप (हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, वीस-पंचवीस मीटर घ्या), मोजपट्टी, ओळंबा, ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश, काचेच्या पाच-सहा अरुंद पट्ट्या, ॲराल्डाइट, सरळ उभ्या कडांची काचेची बरणी, लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या, आणि एक जाड वही.

आधी उतार शोधा

१. सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशा काढून त्याच्या दोन झेरॉक्स करा. मूळ नकाशावर पेन टेकवायचा नाही, तो परत कपाटात.

२. झेरॉक्सवर फाटकं, तळघराचा उतार आणि शेजाऱ्याला लागून असलेली भिंत लाल पेनाने गडद करा.

३. आता पावसाळी चेंबर शोधा आणि निळी खूण करा. रस्त्याच्या कडेला, जाळी बसवलेलं असतं ते. ड्रेनेजचं चेंबर वेगळं, त्यावर बंद झाकण असतं. ते झाकण उघडायचं नाही आणि आत वाकायचं तर अजिबात नाही. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो.

४. लेव्हल पाईप पाण्याने भरा. बादली उंचावर ठेवा, एक टोक त्यात बुडवा, दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर पुढची सगळी मापं चुकणार, म्हणून पाईप हलकेच टिचक्या मारत उंच धरा आणि बुडबुडे घालवा.

५. दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत आहे का बघा. नसेल तर पायरी ४ पुन्हा.

६. भिंतीच्या एका कोपऱ्यावर कमरेच्या उंचीला पेंटने आडवी रेघ मारा. ही तुमची पायाभूत रेघ. खडूने मारू नका, पहिल्याच सरीत जाईल.

७. पाईपचं एक टोक त्या रेघेवर धरून दुसरं पुढच्या कोपऱ्यावर न्या, आणि पाणी जिथे स्थिर होईल तिथे तशीच रेघ मारा. पाणी डुलायचं थांबेपर्यंत धीर धरा. पाईप पुरला नाही तर नव्या रेघेपासून पुढे चला. असं सगळे कोपरे, दोन्ही फाटकं, तळघराच्या उताराचा माथा.

८. प्रत्येक रेघेपासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. इथेच बहुतेकांची गाडी उलटी वळते: आकडा जितका मोठा, तितकी जमीन खोल. एका कोपऱ्यावर ९० सेंटिमीटर आणि दुसऱ्यावर १२० आलं, तर पाणी दुसऱ्याकडे धावणार.

९. शेजाऱ्याच्या फाटकासमोरच्या रस्त्याची पातळीही त्याच रेघेवरून काढा. पत्र्यांच्या आत शिरायचं नाही. रस्त्यावरून जेवढं मिळतं तेवढं पुरतं.

१०. आता नकाशावर निळे बाण काढा, लहान आकड्याकडून मोठ्या आकड्याकडे.

११. जिथे शंका असेल तिथे बादलीभर पाणी ओता आणि बघत राहा. जमिनीत दाखवण्यासारखा उतार नसला तरी पाणी कधीच थापा मारत नाही. बाण चुकला असेल तर बाण खोडा, पाण्याशी वाद नको.

मग हिशेब

गणिताला घाबरू नका, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. हा भाग टाळलात तर पुढचं पत्र नुसती तक्रार होईल.

१२. संगणकावर गुगल अर्थ प्रो उघडून जुन्या तारखेचं उपग्रहचित्र लावा, बंगला उभा असतानाचं. फोनवरचा नकाशा आजचाच दाखवत बसेल.

१३. त्यातल्या मोजणीच्या साधनाने शेजारच्या प्लॉटचे दोन तुकडे मोजा: छप्पर, कोबा, फरशी एकीकडे, माती, बाग, झाडं दुसरीकडे. समजा एकूण ५०० चौरस मीटर, त्यात १५० पक्के आणि ३५० मातीचे.

१४. पक्क्याला ०.९ ने आणि मातीला ०.२५ ने गुणून बेरीज करा. १३५ अधिक ८७.५, म्हणजे २२२.५.

१५. त्या बेरजेला ५० ने गुणा. तासाला ५० मिलिमीटर पडणाऱ्या जोरदार सरीचं वाहून जाणारं पाणी मिळेल, लिटरमध्ये. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, त्यामुळे कसलंही रूपांतर नको. उत्तर: तासाला ११,१२५ लिटर.

१६. आता नव्या इमारतीसाठी तोच हिशेब करा. ४५० पक्के, ५० माती धरलं तर ४०५ अधिक १२.५, गुणिले ५०, म्हणजे २०,८७५ लिटर. जवळपास दुप्पट! सेकंदाला सुमारे सहा लिटर. जाहिरातीतल्या चित्रात हिरवळ दिसली म्हणून ती मातीत धरू नका. पार्किंगच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती टाकून केलेली बाग थोडा वेळ पाणी धरते, पण खाली मुरवत नाही. मी ती पक्क्यातच धरतो.

१७. हे दोन आकडे नकाशाच्या कडेला ठळक लिहा.

पुरावा, कोरडा असतानाच

१८. शेजाऱ्याला लागून असलेल्या भिंतीचे फोटो काढा, प्रत्येक दोन खांबांमधला एक, आणि प्रत्येकात मोजपट्टी धरा. हे फोटो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून मूळ पुसून टाकू नका. तिथून जाताना फोटो लहान होतो आणि काढल्याची तारीख गळते. मूळ फोटो पेनड्राइव्हवर ठेवा.

१९. भिंत आधीच कुठे तडकली आहे का ते शोधून भेगेला क्रमांक द्या. केसासारखी बारीकसुद्धा सोडायची नाही.

२०. भेगेच्या दोन्ही बाजूंचा रंग पॉलिशपेपरने घासून काढा. रंगावर काच चिकटवली तर भिंत हलण्याआधी रंगच सुटतो.

२१. भेगेवर आडवी काचेची पट्टी ॲराल्डाइटने चिकटवा आणि तिच्यावर मार्करने तारीख लिहा. भेग जरा रुंदावली की काच तडकते. खर्च जवळपास शून्य, आणि साक्षीदार पक्का.

२२. भिंतीच्या तीन जागी ओळंबा सोडून माथ्याचं आणि पायथ्याचं अंतर लिहून ठेवा. वाऱ्यात नको, ओळंबा झुलतो.

२३. भिंतीत पाणी निचऱ्याची भोकं असतील तर लोखंडी सळईने साफ करा. त्यातून गढूळ पाणी येतं म्हणून सिमेंटने बुजवण्याचा मोह अनेकांना होतो. बुजवू नका. मागे साचलेलं पाणीच भिंत ढकलतं.

२४. गच्चीवर मोकळ्या जागी सरळ उभ्या कडांची बरणी ठेवून तिच्या बाहेर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. हे तुमचं पर्जन्यमापक. निमुळती, पोटफुगी बरणी चालणार नाही, आणि टाकीच्या आडोशाला तर नाहीच. रोज सकाळी साडेआठला वाचून रिकामी करा. हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते, म्हणजे ताडून बघता येतं.

आता बोला, मग लिहा

हा क्रम उलटा करू नका. आधी पत्र पाठवलंत की साइटवरचा माणूस तोंड उघडत नाही.

२५. पत्र्यावरच्या फलकाचा फोटो काढा: बांधकाम परवानगीचा क्रमांक, विकसक, वास्तुविशारद, आणि असेल तर महारेराचा क्रमांक.

२६. साइट इंजिनिअरला सकाळी काम सुरू व्हायच्या वेळी भेटा. विक्री कार्यालयात जाऊ नका, तिथे चहा उत्तम मिळतो आणि उत्तर मिळत नाही.

२७. त्याला पाचच गोष्टी विचारा. खड्डा किती खोल आणि कोणत्या महिन्यात? आमच्या भिंतीकडची कड कशाने धरणार? खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून कुठे सोडणार? माती कुठे रचणार? मजुरांच्या खोल्या कुठे? शेवटचा प्रश्न औपचारिक समजू नका. कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर सोसायटीची सीमाभिंत खालच्या बाजूला असलेल्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसं गेली. भिंतीला लागून खोल्या दिसल्या तर त्याच क्षणी बोला, पत्राची वाट बघू नका.

२८. उत्तरं त्याच्यासमोरच वहीत लिहा. नम्रपणे, पण लिहा.

२९. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करून घ्या. एकट्या सभासदाच्या पत्रापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडचं वजन वेगळं.

३०. बिल्डरला पत्र लिहा. "आमचं नुकसान होईल" असलं मोघम वाक्य नको. पायरी १५ आणि १६ चे आकडे टाका आणि मागण्या अशा ठेवा: भिंतीकडची कड पायऱ्यापायऱ्यांनी किंवा आधार देऊनच खोदायची, उपसलेली माती आणि राडारोडा खड्ड्याच्या कडेपासून किमान दीड मीटर लांब, तोही ताडपत्रीखाली, पंपाचं पाणी आधी गाळ बसवायच्या टाकीत, मग पावसाळी गटारात, ट्रक बाहेर पडतात तिथे जाड खडीचा पट्टा, म्हणजे चाकांचा चिखल रस्त्यावर आणि तिथून जाळीत जाणार नाही. हिरवी जाळी बांधून काम झालं असं सांगतील. ती धुळीसाठी असते, चिखल तिच्यातून आरामात जातो.

३१. पत्राची प्रत क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का नाही तर पत्र दिलंच नाही, असं समजा.

३२. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशातली पावसाळी वाहिनी आणि पर्जन्यजल पुनर्भरणाचा तपशील मागा. अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पुनर्भरण सक्तीचं आहे, तेव्हा विचारायचा हक्क तुमचा आहेच. अर्जात तक्रार मिसळू नका. फक्त कागद मागा.

आपलं अंगण

शेजाऱ्याने सगळं नीट केलं तरी हे करायचंच.

३३. आपल्या आवारातल्या जाळ्या मे संपायच्या आत उपसून घ्या. काढलेला गाळ शेजारीच ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आतच जाणार.

३४. गच्चीचे पाईप जमिनीवर कुठे सोडले आहेत ते बघा आणि शेजारच्या भिंतीकडे तोंड असेल तर वळवून घ्या. आपलंच पाणी आपल्याच भिंतीच्या पायात, हा प्रकार फार आढळतो.

३५. तळघराच्या उताराच्या माथ्यावर गवंड्याकडून चार ते सहा इंचांचा उंचवटा करून घ्या. आधी सगळ्यात खाली बसणारी गाडी त्यावरून नेऊन बघा. आणि तुमच्यापुढच्या सोसायटीच्या फाटकात पाणी लोटत नाही ना, हे पायरी १० च्या बाणांवरून तपासा.

३६. तळघरातल्या पंपाचा स्टार्टर आणि विजेचा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून छातीच्या उंचीवर घ्या. स्वतः हात लावू नका.

३७. वाळूची पोती अर्धी ते पाऊण भरा. गच्च भरलेलं पोतं बसत नाही, लोळतं, आणि फटीतून पाणी निघतं.

३८. पोती फाटकाजवळ विटांसारखी सांधे चुकवून रचून ठेवा.

३९. बागेत शोषखड्डा करायचा असेल तर आधी फूटभर खोल छोटा खड्डा खणून पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या, लगेच परत भरा आणि तासाभरात किती उतरतं ते मोजा. तासाला दीड सेंटिमीटरसुद्धा उतरलं नाही तर तो बेत सोडा. खाली कातळ किंवा चिकण काळी माती आहे.

४०. चाचणी जमली तरी शोषखड्डा शेजारच्या भिंतीच्या बाजूला घेऊ नका. पाणी मुरमातून थेट त्यांच्या खोदाईत उतरतं आणि तुमच्याच भिंतीखालची कड सुटते. शेजारी खड्डा उघडा आहे तोवर तर शोषखड्डा पुढच्या वर्षावरच टाका.

पाऊस आला

४१. पहिल्या जोरदार सरीत नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर पडा आणि प्रत्येक बाणाचा व्हिडिओ घ्या. भिंतीपासून तिच्या उंचीइतकं तरी लांब उभं राहा, दोन्ही बाजूंनी.

४२. शेजारच्या फाटकातून येणाऱ्या पाण्याने एक बाटली भरा.

४३. रस्त्याच्या वरच्या अंगाने, साइटच्या आधी येणाऱ्या पाण्याने दुसरी भरा. ही विसरलात तर समोरचा म्हणेल, "गाळ टेकडीवरून आलाय," आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

४४. दोन्हींवर तारीख, वेळ लिहून रात्रभर हलवू नका.

४५. सकाळी तळाच्या गाळाची जाडी मोजून दोन्ही बाटल्यांचा एकत्र फोटो काढा. वरचं पाणी अजून गढूळ असेल तर चिकणमाती आहे, आणखी एक दिवस ठेवा.

४६. मोठ्या पावसानंतर प्रत्येक वेळी काचेच्या पट्ट्या बघा. काच शाबूत असेल तर वहीत तसंच लिहा, "ठीक" हीसुद्धा नोंद आहे. काच तडकली असेल तर त्याच दिवशी भिंतीलगतच्या गाड्या हलवा, दोरी बांधा, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंतीला समांतर जमिनीत भेग दिसली किंवा ओळंब्याचं माप बदललं, तर आधी पलीकडच्या मजुरांना बाजूला व्हायला सांगा, मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. कागदपत्रं नंतर.

४७. गाळ आला असेल तर दुसरं पत्र पाठवा: पर्जन्यमापकाचा आकडा, व्हिडिओची वेळ, बाटल्यांचा फोटो, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. पुन्हा शिक्का.

४८. बुजलेल्या जाळ्यांची साफसफाई लेखी मागा, आणि किती दिवसांनी झाली ते लिहून ठेवा.

४९. विसर्जन झालं की पाऊस संपला, असं समजून पोती उचलू नका. २०१९ मध्ये विसर्जन १२ सप्टेंबरला झालं आणि आंबील ओढ्याचा पूर २५ सप्टेंबरच्या रात्री आला. सहकारनगर, कात्रजकडच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती त्या रात्री वाहून गेल्या. पोती दसरा उलटेपर्यंत जागेवरच.

५०. शेजारी तळघर बांधून झालं आणि भिंतीकडची पोकळी मातीने भरली की पायरी ७ आणि ८ ची मापं पुन्हा घ्या. नीट न ठोकलेली भर पहिल्या पावसाळ्यात खचते, आणि पाण्याचे बाण तिकडेच वळतात. कुठे दोन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर पलीकडचा मुकादम अजून साइटवर आहे तोवरच त्याला बोलावून रेघ दाखवा. ताबा दिल्यावर तो सापडत नाही.